टाकीत भिजलेलं बोट

आबांना गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांचं बोट साबणाने धुतलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. पंपावरून निघाल्यावर पुढच्या टपरीशी गाडी थांबवली, पाण्याची बाटली आणि साबणाची वडी काढली, आणि आबा, माझे वडील, नको नको म्हणत असताना बोट घासून घासून धुतलं. मला वाटलं, मिटला विषय.

टाकीत बोट घालायची त्यांची सवय जुनी. जन्मभर त्यांनी मंचर ते भीमाशंकर प्रवासी जीप चालवली. श्रावणात भाविक, एरवी बाजारकरी, शाळेची पोरं, कोंबड्या, जे येईल ते. त्या काळी घोडेगाव सोडलं की वर पंप नाही, म्हणून त्या लायनीतले सगळे ड्रायव्हर टाकी गळ्यापर्यंत भरत. पंपाची नळी खट करून आपोआप बंद पडली तरी कुणी मानायचं नाही. जीपला धरून गदागदा हलवायचं, आतली हवा बुडबुडत वर आली की परत नळी लावायची, आणि तोंडाशी डिझेल दिसलं की बोट बुडवून बघायचं. बोट भिजलं तर टाकी फुल्ल, नाहीतर पंपवाल्याने गंडवलं. जीप गेली, स्टिअरिंग हातातून सुटलं, तरी हे बोट सुटलं नाही. माझ्या छोट्या गाडीतही पेट्रोल भरायचं म्हटलं की आबा दार उघडून खाली उतरत आणि पंपावरच्या माणसाला हुकूम सोडत, “टाक अजून. टाक म्हणतोय ना!”

मीही उतरू द्यायची. त्यांच्या हुकमात राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

आबांची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. डिंभ्याच्या धरणापलीकडे आमचं गाव. तिथून आठवड्यातून दोनदा मंचरला डायलिसिस. मी घोडेगावात ब्लाऊज शिवते. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला बरीच वर्षं झाली आणि त्यावर मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. जीप विकून जुनी पेट्रोल गाडी घेतली ती फक्त या खेपांसाठी. आबांच्या डाव्या हाताला शीर जोडून मशीनची जागा केलेली होती, तिथे हात ठेवला की आतून सारखं घरघरल्यासारखं लागायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हात पुढे करून दाखवत, “लाव कान. इंजिन चालू हाये.” लोक कान लावत आणि हसत. मला त्या घरघरीची भीती वाटायची.

तर साबणाने काही झालं नाही. पुढच्या खेपेला धरणाच्या वळणावर आबा ओकले. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग मी रंगाचा एक रिकामा डबा त्यांच्या पायाशी ठेवायला लागले. वास मलाही येत होता, खोटं कशाला बोलू. टाकी भरली की दोन दिवस गाडीत बसवत नसे. भरल्या भरल्या गाडी चालू व्हायलाही कटकट करायची, तीन-चारदा किल्ली फिरवावी लागायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता तो विझतच नव्हता.

डायलिसिसच्या सिस्टरला मी सांगितलं, गाडीत वास येतो म्हणून आबांना उलटी होते. ती सुई काढून पट्टी दाबत होती. म्हणाली, “ताई, या आजारात रक्तात घाण साठते, त्याने मळमळतं. तोंडाला वास येतो, चव जाते. गाडीचं काय घेऊन बसलात?” मला असा राग आला! मी म्हटलं, तुम्ही सुया टोचा, गाडीचं आम्ही बघू. ती पट्टी चिकटवून पुढच्या खाटेकडे गेली.

आणि मग एके सकाळी आबा अंगणातच बसून राहिले. मी गाडी वळवून आणली, दार उघडलं, तरी उठेनात.

“मी न्हाई यायचा त्या गाडीत.”

“का?”

“वास मारतोय. आतडी वर येत्यात.”

“मग जगणार कसे?”

“लई जगलो.”

एक खेप चुकली तर पायांना सूज चढते, दोन चुकल्या तर छातीत पाणी होतं आणि माणूस जमिनीवरच बुडतो, हे डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून सांगितलं होतं. त्या दिवशी मी ओरडले, रडले, शेवटी त्यांना काखेत हात घालून उचललं आणि सीटवर ठेवलं. हलके झाले होते ते. एसटीने न्यावं तर येताना फाट्यापासून चालवत नसे. शेजाऱ्याच्या जीपमधून एकदा नेलं, तर तिथेही ओकले. त्यावर आम्ही सगळे म्हणालो, घाटाची वळणं लागली. त्या वळणांवर ज्याने जन्म काढला त्याला वळणं लागली, असं आम्ही बिनदिक्कत म्हणालो.

मी मनाशी पक्कं केलं, या गाडीचा वास काढायचा. वास गेला की आबा गाडीत बसतील, बसले की जगतील. इतकं सोपं होतं ते माझ्यासाठी.

मंचरच्या एका गॅरेजवाल्याने टाकीचं झाकण बदललं आणि दिवा विझवून दिला. दिवा परत लागला. घोडेगावातला दुसरा म्हणाला, “आपल्या रस्त्यांना हा दिवा लागतोच, ध्यान देऊ नका.” त्या रागात मी माझ्या पाकिटातली एक मोठी टिकली काढून दिव्यावर चिकटवली. गाडी सवाष्ण दिसायला लागली, वास होता तसाच राहिला.

तेव्हा आबाच म्हणाले, “चाचाकडं ने.”

चाचा म्हणजे जुन्नरचा मिस्त्री. आबांची जीप आयुष्यभर त्यानेच जगवली. शिवनेरीच्या पायथ्याच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड आहे. माणूस हुशार, पण तोंड भारी आणि बढाईखोर. बोलायला लागला की मोठमोठ्या शोरूमवाल्यांची अक्कल काढून, वाळवून, गोणीत भरून ठेवतो. आबांना बघून मात्र पहिल्यांदा त्याचं बोलणं अडलं. मग म्हणाला, “पावणं, निम्मंच राहिलात की!”

“निम्मं मशीन खातंय,” आबा म्हणाले. त्यांना शेडच्या दाराशी खुर्ची दिली आणि चाचाने माझी झाडाझडती सुरू केली. वास कधी जास्त येतो? भरल्यावर. भरल्यावर गाडी लगेच चालू होते? नाही. मग त्याने स्टिअरिंगखाली एक डबी जोडली आणि मोबाईलवर काहीतरी बघितलं.

“वाफेच्या लायनीत गळती दावतंय,” तो म्हणाला. “पर हे स्कॅनर नुसतं गावाचं नाव सांगतंय. घर आपलं आपण हुडकायचं.”

त्याने मला समजावलं ते मला त्या दिवशी पाठ झालं. पेट्रोल नुसतं उभं असलं तरी त्याची वाफ होते. ती बाहेर सोडायची नाही म्हणून टाकी बंद ठेवतात आणि वाफ एका डब्यात नेतात. डब्यात कोळशाचे दाणे भरलेले असतात, ते वाफ धरून ठेवतात. गाडी चालू झाली की एक बारका व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. झाकण, नळ्या, डबा, व्हॉल्व्ह, यातलं काहीही बिघडलं की दिवा लागतो आणि वास सुटतो.

झाकण त्याने नखाने तपासलं, ते ठीक होतं. मग व्हॉल्व्ह काढून तोंडाला लावला आणि फुंकला. वायर काढल्यावर तो बंद असायला हवा, फुंकर जाता कामा नये. ती आरपार गेली आणि दुसऱ्या बाजूने काळी पूड उडाली. चाचाच्या मिशीवर बसली. “कोळसा इथवर आलाय म्हणजे डबा फुटला की आतून!” तो म्हणाला आणि एकदम खूश झाला. या लोकांना दुसऱ्याच्या गाडीत मोठा बिघाड सापडला की घरात बारसं झाल्यासारखं होतं.

तरी गाडीच्या आत वास कुठून शिरतो ते कळेना. त्याने त्याचं यंत्र काढलं, ते त्याने स्वतः बनवलेलं. एक लोखंडी डबा, त्यात थोडं तेल, आणि तेल तापवायला डिझेल इंजिनातली तापणारी कांडी. त्यातून पांढरा धूर निघतो. वाफेच्या लायनीची बाकीची तोंडं बुचं लावून बंद केली आणि अगदी हळू दाबाने धूर आत सोडला. माझ्या हातात बॅटरी दिली.

“फिर गाडीभोवती. धूर कुठून येतो ते बघ. जिथून निघंल तितं गळती.”

मी वाकून, गुडघ्यावर बसून, चाकांच्या मागे, बॉनेटखाली बघत फिरले. मग मागची सीट उचलली आणि बॅटरी मारली. टाकीतल्या पंपाच्या झाकणाखालून धुराची एक दोरी वर येत होती. बारीक, उदबत्तीच्या धुरासारखी. “इथे आहे! चाचा, इथे आहे!” मी ओरडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

झाकणाची रबरी रिंग पेट्रोलने फुगून सैल झाली होती. मग चाचाने गाडीखाली जाऊन कोळशाचा डबा काढला. तो हातात घेतल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. डबा हलका असायला हवा, हा भिजल्या गोणपाटासारखा जड होता. उलटा केला तर खालच्या परातीत पेट्रोलची धार लागली.

“वाफेच्या डब्यात पेट्रोल कसं गेलं? कोण टाकी उतू जाईस्तवर भरतंय?”

खुर्चीतून आवाज आला, “मी भरतो.”

“अजून बोट घालता?”

“घालतो. तीस वर्सं घातलं. तवा काय बिघडलं?”

“अवो ते डिझेल व्हतं!” चाचा शेड दणाणून ओरडला. “डिझेलची कुटं एवढी वाफ व्हती? ही पेट्रोलची टाकी हाये, तिला वर जागा लागती वाफंला. नळी कटली की बास. तुमी गदागदा हलवून भरलंत, ते समदं उतू जाऊन डब्यात बसलंय. कोळसा भिजून मेला. वासानं वकताय आन् वास तुमीच केलाय!”

आबा परातीकडे बघत राहिले. आयुष्यात चाचा त्यांच्याशी असा बोलला नसेल. मला त्यांची दया आली, आणि सांगून टाकते, मला बरंही वाटलं. दोष सापडला होता. सिस्टर चुकली होती.

नवा डबा, नवा व्हॉल्व्ह आणि नवी रिंग मागवायला आणि बसवायला काही दिवस गेले, तेवढ्यात दोन खेपा शेजाऱ्याच्या जीपने झाल्या. उलट्या झाल्या, पण आता मी त्या मोजत नव्हते. गाडी हातात आल्यावर मी पहिल्यांदा टिकली उपटली. खाली दिवा विझलेला होता. मंचरच्या पंपावर नळी खट झाली आणि मी म्हटलं, बास. पंपावरचा माणूस आमच्या ओळखीचा. खिडकीत वाकून म्हणाला, “आबा, उतरत न्हाई का आज?”

आबा समोर बघत बसून राहिले. दाराच्या कडीवर हात ठेवला होता तो उचलून मांडीवर घेतला.

गाडीत कसलाही वास नव्हता. मी काचा वर केल्या, खाली केल्या, नाक खुपसून बघितलं. धरणाच्या वळणावर मी आरशातून चोरून बघत होते. आबांनी टॉवेल तोंडाशी धरला होता, पण डबा लागला नाही. घरी येऊन मी गोड शिरा केला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सरकवली.

पुढच्या खेपेला त्याच वळणावर ते ओकले. त्याच्या पुढच्याला घराच्या फाट्यावरच. मी विचारलं, “वास येतोय?”

“येतोय,” ते डोळे मिटून म्हणाले.

मी वेड्यासारखी झाले. मागची सीट उपसून उन्हात टाकली, मॅट फिनेलने धुतली. शेजारणीला गाडीत बसवून काचा बंद केल्या आणि म्हटलं, हुंग. ती बिचारी हुंगून हुंगून म्हणाली, “फिनेलचा येतोय की गं.” मी तिच्यावरही खेकसले. चाचाला फोन केला, तुझी रिंग नीट बसली नाही. तो म्हणाला, माझं काम असं नसतं. मी म्हटलं, असंच असतं. मशीनची पाळी नव्हती असा दिवस बघून आबांना घेतलं आणि जुन्नर गाठलं.

“पुन्हा धूर सोड,” मी म्हटलं.

“काय गरज न्हाई.”

“सोड म्हणते ना!”

माझ्याकडे बघून चाचाने वाद घातला नाही. कांडी तापली, धूर निघाला, नळी जोडली. मी बॅटरी घेऊन फिरले. सीटखाली बघितलं. काही नाही. डब्यापाशी काही नाही. मी जमिनीवर उताणी पडून गाडीखाली सरकले, ब्लाऊजची शिवण उलटून बघावी तशी एकेक नळी बोटाने उलटून बघितली. बॅटरीच्या उजेडात नुसती धूळ दिसत होती. मी देवाला म्हणत होते, येऊ दे. कुठून तरी येऊ दे. एक बारीकशी दोरी, पुरे झालं. फट असू दे, चीर असू दे, चाचाची चूक असू दे. लोक गाडी निर्दोष निघावी म्हणून नवस बोलतात, मी तिच्यात खोट निघावी म्हणून रडत होते.

धूर कुठूनही आला नाही.

“दाब वाढव.”

“ताई, फुटंल ते.”

“फुटू दे! तुला काही येत नाही. उगीच फुशारक्या मारतोस नुसत्या. एवढं यंत्र बनवलंस आणि एक गळती सापडत नाही!”

चाचाने यंत्र बंद केलं. त्याच्यासारखा माणूस गप्प राहिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दाराशी खुर्ची वाजली. आबा भिंत धरून उभे राहिले होते.

“बाय, उगं त्याला का बोलती? गाडी चांगली हाये.”

“मग तुम्हाला वास कसला येतो?”

“गाडीचा न्हाई येत. त्यो माझ्या तोंडाचाच हाये. घरातबी येतोय, झोपंतबी येतोय. सिस्टर म्हणली व्हती की.”

“मग परवा विचारलं तेव्हा येतोय का म्हणालात?”

दम लागला होता त्यांना. “तू गाडीच्या मागं लागली व्हतीस. काय तरी सापडंल म्हणून तुजं तोंड उजळलं व्हतं. म्हणलं, राहू दे थोडं दिस.”

मी बॅटरी विझवली. हात काळे झाले होते, ते चाचाने आणून दिलेल्या फडक्याला पुसले. रडू आलं ते तिथेच, त्या दोघांसमोर, तोंड न लपवता रडले. चाचा यंत्राची वायर गुंडाळत बसला.

जुन्नरातून बाहेर पडताना पंप लागला. टाकी अर्धी भरलेली होती, थांबायची गरज नव्हती. मी गाडी आत घेतली, फिरून जाऊन आबांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हटलं, “उतरा. टाकी बघा भरतायत का नीट.”

“चाचा वरडंल.”

“ओरडू दे.”

नळी खट झाली. पंपावरचा माणूस ती काढायला लागला तेव्हा मी म्हटलं, अजून टाक. आबांनी टपावर हात ठेवून गाडी हलवून बघितली. ती तसूभरही हलली नाही. मग मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि माझं सगळं बळ लावून हलवली. आत बुडबुडलं. परत नळी, परत हलवणं. तोंडाशी पेट्रोल चमकलं. आबांनी बोट घातलं, बाहेर काढलं, उन्हात धरून बघितलं आणि नाकाशी नेलं.

“ह्याचा न्हाई तरास व्हत,” ते म्हणाले. “फुल्ल हाये. चल.”

घरापर्यंत गाडीभर वास होता. त्या दिवशी आबा ओकले नाहीत, गाणी म्हणणाऱ्या भाविकांच्या, रात्रभर अडकलेल्या जीपच्या गोष्टी सांगत आले. त्याच्या पुढच्या खेपेला ओकले. त्यानंतर थोड्या खेपा झाल्या आणि मग एका सकाळी ते परत अंगणात बसून राहिले. या वेळी त्यांनी वासाचं नाव काढलं नाही आणि मी त्यांना काखेत हात घालून उचललं नाही. मी गाडी बंद केली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांच्या डाव्या हाताला कान लावला. इंजिन चालू होतं. आठवडाभर होतं.

पिवळा दिवा परत लागला आहे. चाचाचा अधूनमधून फोन येतो, “ताई, डबा बदलून जा, वाफ लई वंगाळ.” मी हो म्हणते आणि जात नाही. कापड आणायला मंचरला गेले की मी पंपावर उतरते, नळी कटल्यावरही अजून टाक म्हणते, आणि कुणी बघत नसताना बोट बुडवते. त्या बोटाला साबण लावत नाही.